रकान्यात न मावणारं नाव

हेमांगी तामोरे बोईसरच्या एका वाचनालयात काउंटरवर बसायची. अकरा वर्षांपूर्वी ती तिथे झाडलोट करायला लागली, तेव्हा पुस्तक हातात यायचं ते धूळ पुसण्यापुरतं. पुढे दुपारच्या रिकाम्या वेळात ती एकेक उघडून बघू लागली. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की कुठल्या कपाटात काय आहे, ते कोणाला आवडेल आणि कोण अर्ध्यावर सोडून परत आणून देईल, हे सगळं तिला तोंडपाठ. वाचनालयाच्या कार्यवाह उत्कर्षाताईंनी मग तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि तिला काउंटरची खुर्ची दिली.

म्हणूनच पालघरच्या कमलाकांत राऊतांची 'श्वासनगर' ही कादंबरी गाजायला लागली आणि त्यांना वाचनालयात बोलवायचं ठरलं, तेव्हा उत्कर्षाताईंनी पुस्तक थेट हेमांगीपुढे ठेवलं.

"वाचकांच्या वतीने कोणीतरी दहा मिनिटं बोलायला हवं. तिघा सभासदांनी पन्नास पानांत सोडलंय. तू पुरतं वाचशील, मला खात्री आहे."

रविवारी आलेवाडीला घरच्या पडवीत बसून तिने ते वाचायला घेतलं. सासू रखमाबाई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या.

कादंबरी सन दोन हजार नव्वदची. समुद्र आटून चाळीस वर्षं झालेली. प्रत्येकाच्या गळ्यात एक चकती, ती श्वास मोजते. कारखान्यात एखादा कामगार मेला, की त्याला 'कोरं' करतात. म्हणजे त्याचं नाव सगळ्या नोंदींतून पुसायचं आणि घरच्यांना सांगायचं, तो आज कामावर आलाच नव्हता. हे काम करणारा एक निरीक्षक कादंबरीचा नायक. दिवसभर माणसं पुसतो आणि घरी येऊन तळमळतो.

पहिली शंभर पानं हेमांगीला आवडली. गटारातलं पिवळं पाणी, पहाटे घशात बसणारा आंबूस वास, हे सगळं लिहिणाऱ्याने बरोबर पकडलं होतं. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर मात्र ती थांबली.

'सातशे नऊ हा कामगार हजेरीला आकडा टाकायला तयार नसे,' असं तिथे लिहिलं होतं. 'तो पुरतं नाव लिही, बापाच्या नावासकट, दहा अक्षरं. ती रकान्यात मावत नसत. शेवटची दोन शेजारच्या रकान्यात शिरत आणि कारकून रोज त्याच्यावर खेकसे. त्याच्या डब्याला सुक्या जवळ्याचा वास येई.'

हेमांगीने ते पुन्हा वाचलं. मग बोटांवर मोजलं. कुंदन, तीन. हरेश्वर, चार. तामोरे, तीन.

कुंदन तिचा नवरा. तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात कंत्राटी ऑपरेटर होता. सही म्हणून तो पुरतं नाव लिहायचा. "बापसानं नाव ठेवलंय ते लिवाया," असं म्हणायचा. अकरा वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका दुपारी त्याला टाकी साफ करायला आत उतरवलं. आत वायू कोंडलेला होता, तोंडाला बांधायला साधा रुमाल. तो वर आला तो मेलेलाच.

कंपनीने सांगितलं ते निराळंच. कुंदन त्या दिवशी ड्युटीवर नव्हता. तांब्याची वायर चोरायला मागच्या भिंतीवरून आत शिरला आणि लपायला म्हणून टाकीत उतरला. गेटच्या रजिस्टरात त्याची सही नाही, हा पुरावा. त्याच्याबरोबर कामावर असलेला बुधा नावाचा डोंगरपट्टीतला माणूस पोलिसांसमोर म्हणाला, मी त्याला बघितलं नाही. पुढे एकदा पाम गावच्या नाक्यावर तो हेमांगीला दिसला, तर मान खाली घालून पलीकडे निघून गेला.

आणि ऑफिसात एका साहेबाने हेमांगीपुढे टाइप केलेला कागद ठेवला होता. आवाज मऊ, बोलणं शुद्ध. "इथे सही करा बाई, म्हणजे बॉडी लवकर मिळेल." तिने सही केली. बॉडी मिळाली. नवरा परवानगीशिवाय आत शिरला होता, हे तिने स्वतः लिहून दिलं, असं गावाला नंतर कळलं. तेव्हापासून ती चोराची बायको. रखमाबाई तीस वर्षं बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसायच्या. एका गिऱ्हाइकाने पापलेट उचलता उचलता म्हटलं, "पोरगा तांबं चोरायचा ना तुमचा?" त्या दिवशी त्यांनी टोपली उचलली ती पुन्हा बाजारात ठेवली नाही.

हेमांगीने पुस्तक उलटं केलं. मागे लेखकाचा फोटो होता. पांढरी दाढी, खादीचा झब्बा, हनुवटीखाली हात. दाढी तिने मनातल्या मनात काढून टाकली. खाली तोच चेहरा.

बाकीचं तिने एका बैठकीत वाचून काढलं. सतराव्या प्रकरणात सगळं होतं. सातशे नऊच्या टाकीतल्या मृत्यूनंतर निरीक्षक हजेरीचं अख्खं पुस्तक नव्याने लिहवून घेतो, जुनं जाळतो. फक्त सातशे नऊच्या सहीचं पान त्याच्याने जाळवत नाही. ते घडी घालून तो एका जुन्या डायरीत ठेवतो. पुढची चाळीस पानं त्याची तळमळ. सातशे नऊच्या बायकोला दोन ओळी आल्या होत्या. 'ती आली, रडली, तिने सही केली. अशा बायका लवकर सावरतात.'

"हेमा, जेवाया ये," रखमाबाईंनी हाक मारली. "काय वाचते एवढं?"

"काय नाय, आये. गोष्ट हाय एक."

त्या रात्री तिला झोप लागली, हे तिचं तिलाच नवल वाटलं. राग मात्र सकाळीही तसाच होता. पहिल्या दिवशी तिच्या मनात आलं की मासळीचं पाणी बादलीभर न्यावं आणि त्या झब्ब्यावर ओतावं. दुसऱ्या दिवशी वाटलं, कोयताच न्यावा. तिसऱ्या दिवशी तिला कळलं, की यातलं काहीही केलं तरी लोक म्हणतील, चोराची बायको, वेडी झाली. मग तिने ठरवलं. ज्या तोंडाने तो मऊ बोलला होता, त्याच तोंडाने हे बाहेर यायला हवं. भरल्या सभेत, माईकवर, आणि टाळ्या घेता घेता.

तिने कादंबरी चार वेळा वाचली. सभासदाने पुस्तकात पेन्सिलीची रेघ मारली तर ती त्याला दंड लावायची. या पुस्तकात तिने स्वतः एकोणीस रेघा मारल्या. ओळखीच्या एका वकिलालाही दाखवलं. तो म्हणाला, "कादंबरी हा पुरावा नसतो हो. उद्या म्हणतील, कल्पना आहे."

"आणि ते स्वतः म्हणाले, कल्पना नाही, तर?"

"तर निदान सुरुवात होईल."

कार्यक्रम डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला होता. सत्तर-ऐंशी माणसं आली. शिक्षक, कारखान्यांतले निवृत्त लोक, कॉलेजची काही मुलं. वाचनालयाचं पान फेसबुकवर होतं, त्यासाठी मोबाइल स्टँडवर लावून चित्रण चालू होतं. पहिल्या रांगेत राऊतांच्या पत्नी बसल्या होत्या, चंद्रकांताबाई. फिकट रंगाची साडी, मांडीवर पर्स, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, बुधा. हेमांगी दोन दिवस आधी त्याच्या पाड्यावर जाऊन आली होती. त्याला फार काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "ये आणि ऐक. बोलू नको."

राऊत छान बोलले. भविष्याची भीती, माणसाचं यंत्र होणं, लेखकाची सद्सद्विवेकबुद्धी. लोक माना डोलवत होते. मग उत्कर्षाताईंनी आडनाव न घेता 'आमची हेमांगी' म्हणून तिला पुकारलं. राऊतांनी तिच्याकडे बघून हात जोडले. ओळखलं नव्हतं.

"मी या कादंबरीची वाचक," हेमांगी म्हणाली. "मला हे पुस्तक वाचताना भीती वाटली नाही. भीती पुढच्या गोष्टीची वाटते. यातलं पाणी, यातला वास आमच्या रोजच्याच ओळखीचा आहे. टाकीत माणूस मरतो ते पान मी चार वेळा वाचलं. तिथे बसून बघितल्यासारखं लिहिलंय. म्हणून बोलण्याआधी सरांना विचारते, हे सुचलं कसं?"

राऊत खूश झाले. माईक जवळ ओढून घेतला.

"खरं सांगू का, सुचलं नाही. तारापूरच्या कारखानदारीत मी एकोणतीस वर्षं काढली. सन दोन हजार नव्वद हा नुसता पडदा आहे. त्यामागची एकही ओळ कल्पनेची नाही. मी जगलोय ते, आणि भोगलंय."

टाळ्या पडल्या. हेमांगीने त्या संपू दिल्या.

"मग एक बारीक शंका. समुद्र आटून चाळीस वर्षं झालीत, असं तुम्ही पहिल्याच पानावर सांगता. मग सातशे नऊच्या डब्यात सुका जवळा कुठून आला?"

सभागृहात हसू पिकलं. राऊतही हसले. "पकडलंत बुवा मला. ते राहून गेलं."

"कुठून राहून गेलं, सर?"

"म्हणजे?"

"जवळा तुमच्या कल्पनेतला नाही, हे आत्ताच म्हणालात. मग तो कोणाच्या डब्यातला?"

राऊतांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. हेमांगी मागे वळली. भिंतीवर पांढरा फळा होता. तिने त्यावर हजेरीवहीतल्यासारखा एक रकाना आखला आणि त्यात लिहायला सुरुवात केली, 'कुंदन हरेश्वर तामोरे'. शेवटची दोन अक्षरं रकान्याबाहेर गेली.

"दहा अक्षरं," ती म्हणाली. "हा माझा नवरा. अकरा वर्षांपूर्वी टाकीत मेला. हे कारखान्यात पर्सोनेल मॅनेजर होते. रजिस्टरात सही नाही म्हणून यांनी त्याला चोर ठरवलं. सही कशी असायची ते आता पान एकशे त्रेचाळीसवर छापलंय. ज्याची सही तिथे नव्हतीच, ती यांनी बघितली कधी?"

राऊत म्हणाले, "बाई, तुमच्या दुःखाचा मी आदर करतो. पण ही कादंबरी आहे. कल्पना आणि वास्तव..."

"पाच मिनिटांपूर्वी कल्पना नव्हती. शेवटचं विचारते. निरीक्षकाने ते पान डायरीत जपून ठेवलंय. तुमच्याकडे अजून आहे का?"

राऊतांची नजर नकळत पहिल्या रांगेकडे गेली, बायकोकडे, आणि चंद्रकांताबाईंनी मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं. हेमांगीने ते टिपलं. पान होतं.

पुढे गोंधळ झाला. कोणी म्हणालं हे बरं नाही केलं, कोणी म्हणालं बरं केलं. राऊत चहा न घेता गाडीत बसले. उत्कर्षाताई रागावल्या. "मला आधी सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना सावध केलं असतं, ताई. तुमचा स्वभाव चांगला आहे म्हणून."

ते चित्रण आठवडाभर मोबाइलांवर फिरलं. मग राऊतांच्या वकिलाची नोटीस आली, बदनामीबद्दल लेखी माफी मागा. हेमांगीने ती वाचनालयाच्या सूचनाफलकावर टाचणीने लावली. उत्कर्षाताईंनी ती काढली नाही.

दोन आठवड्यांनी, भर दुपारी वाचनालय रिकामं असताना, चंद्रकांताबाई आल्या. पालघरहून रिक्षाने, एकट्या. काउंटरसमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही सतरावं प्रकरण वाचलंय ना नीट?"

"वाचलंय."

"त्यात निरीक्षकाची बायको त्याला म्हणते, पुसून टाका, आपल्या संसाराचा विचार करा. तो ऐकत नाही, ती पाय धरते, मग तो तयार होतो." त्यांचा आवाज चढला नाही. "मी त्या महिन्यात सुरतेला होते. मुलीचं बाळंतपण होतं. मला हे कळलं दोन महिन्यांनी, डायरी सापडली तेव्हा. ज्याने पाप केलं तो नायक झाला, आणि ते माझ्या तोंडी घातलं. सोसायटीतल्या बायका मला विचारतात, तुम्ही खरंच असं म्हणालात का हो? आणि हे जेवताना मला समजावतात, की कथेला खलनायिका लागते."

त्यांनी पर्स उघडली. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक पिवळट कागद होता. तारीख, वेळ, एकेचाळीस नावं. सोळाव्या ओळीला ते अक्षर. उंच, सावकाश काढलेलं. खालच्या ओळीत बुधाचा अंगठा.

हेमांगीने कागदाला हात लावला नाही. नुसतं बघत राहिली. या बाईसमोर रडायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं.

"अकरा वर्षं तुम्ही कुठे होतात?" तिने विचारलं.

"घरातच."

"माझी सासू तेव्हापासून बाजारात गेलेली नाही."

"मी माफी मागायला आलेले नाही," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "तुम्ही देणार नाही, आणि देऊही नका. पोलिसांत मी जबाब देईन. माझं नाव आलं तर येऊ दे. पण जे केलं तेवढंच येऊ दे. गप्प बसले, तेवढं."

हेमांगीने पिशवी उचलली, नोंदवहीत तारीख घालून चंद्रकांताबाईंची सही घेतली, आणि दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. बुधा दुसऱ्या दिवशी आपण होऊन आला. म्हणाला, "माना धमकी दिलती. पोरां लहान व्हती. आता सांगतंय."

पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा दाखल झाला. प्रकाशकाने कादंबरीची दुसरी आवृत्ती थांबवली. ठरलेले दोन सत्कार रद्द झाले.

जानेवारीत राऊत आलेवाडीला आले. अंगणात बांबूंवर बोंबील टांगलेले होते, आणि शेजारच्या बायका पाटावर बसून मासळी साफ करत होत्या. राऊतांनी हेमांगीला बाजूला यायची खूण केली.

"इथेच बोला," ती म्हणाली.

"मी पुस्तक तुमच्या नवऱ्याला अर्पण करतो. पहिल्या पानावर नाव छापतो, पुरतं. तुम्ही फक्त ते टाकीचं, रजिस्टरचं... वकिलांना सांगा, माझ्या वयाचा विचार करा."

"त्याचं वय एकतीस होतं."

ती आत गेली आणि पोलिसांनी दिलेली पानाची झेरॉक्स घेऊन आली. रखमाबाई ओसरीवर बसल्या होत्या. आताशा त्यांना कमी दिसायचं.

"आये, हे साहेब आलेत. तुमच्या पोराची हजेरी लपवली ती यांनी. वाचून दाखवणार हायत."

राऊतांनी आजूबाजूला बघितलं. बायकांचे हात थांबले होते. आडोसा असा कुठेच नव्हता. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. सोळाव्याला आवाज बसला. तरी वाचलं.

रखमाबाई नीट ऐकत होत्या. "म्हणजे कामावर व्हता," त्या म्हणाल्या.

"हो."

"मोठ्यानं वाच. त्या तिथल्या बायांना ऐकू नाय गेला."

त्यांनी पुन्हा वाचलं. मग रखमाबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. चौथ्या वेळी राऊतांनी पाणी मागितलं. त्या घरातून कोणी कधी पाण्याविना गेलं नव्हतं. हेमांगी जागची हलली नाही. "वाचून झालं की," ती म्हणाली. पुढच्या सोमवारी रखमाबाई टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसल्या.

खटला पालघरच्या कोर्टात चालू आहे, आणि अजून बराच चालेल. राऊत जामिनावर आहेत. दाढी त्यांनी काढली. वकील हेमांगीला सांगतात, प्रत्येक तारखेला यायची गरज नाही, साक्षीच्या वेळी बोलावू. ती रजा टाकून जाते. राऊतांना दिसेल अशा बाकावर बसते, काही बोलत नाही, नजर हलवत नाही. तुला आता बरं वाटतं का, असं उत्कर्षाताईंनी एकदा विचारलं. हेमांगी म्हणाली, "वाटतं. खूप बरं वाटतं. ते चांगलं आहे की वाईट, ते मी बघायला गेले नाही."

मागच्या तारखेला राऊतांच्या वकिलाने शिपायामार्फत निरोप पाठवला, की बाईंनी मागे बसावं, साहेबांना त्रास होतो. हेमांगीने निरोप पुरता ऐकून घेतला. मग ती उठली आणि एक बाक पुढे जाऊन बसली.